तीन पावलं लांब

कुंदनने मला ओळखलंच नाही. जानेवारीत माझी कॉलर धरून शेताच्या फाटकाबाहेर काढलं होतं त्याने मला. आणि होळीच्या सकाळी काठी गावात, एवढ्या हजारो माणसांत, नेमकं माझ्याकडेच बोट करून म्हणतो, "तो उंच बावा शे ना, त्याले बलाव रे. त्यान्हासंगे फोटू काढूत."

त्याचाही दोष नाही म्हणा. अंगभर राख, राखेवर तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू. आईनेसुद्धा दोनदा बघितलं तेव्हा ओळखलं. आमच्या डोंगरात होळीचा नवस असला की असं बावा व्हायचं आणि पाळणी धरायची. पाळणी म्हणजे नियम. खाटेवर बसायचं नाही, चप्पल नाही, आंघोळ नाही, गाडीत बसायचं नाही, रागवायचं नाही. आणि बाईला शिवायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. बाईने हात पुढे केला तर बावाने तीन पावलं मागे जायचं. बावाला फाग द्यायचा, म्हणजे होळीचे दाणे-पैसे, तर तिने जमिनीवर ठेवायचा, तीन पावलं मागे जायचं, मग बावाने उचलायचा. आमच्या टोळीत अठरा जण. एकाने मोडलं तर अठरा जणांचं मोडतं, असं आमचा म्होरक्या दलसिंग बाबा सांगतो, आणि तो सांगतो तेव्हा कशावरून असं कोणी विचारत नाही.

मला सगळं जमत होतं. रागवायचं नाही, एवढं सोडून.

आणि कुंदनच्या मागे पिवळा ड्रेस घालून चेतना उभी होती.

चेतना त्याची बहीण. वीस वर्षांची, तळोद्याला कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिच्या बापाची, प्रेमचंद आबांची, तळोद्याच्या पुढे चाळीस एकर पपई. मी दीड वर्ष त्यांच्याकडे कामाला होतो. त्याआधी आश्रमशाळेत होतो. अकरावीत असताना अधीक्षक माझ्या आईवरून काहीतरी बोलला, मी त्याचं टेबल उलटं केलं. शाळा संपली.

पपई ट्रकात भरायच्या आधी एकेक फळ रद्दी पेपरात गुंडाळावं लागतं. रद्दी आबांच्या बंगल्यावरून यायची. बाकीचे नुसते गुंडाळायचे, मी वाचून गुंडाळायचो, तेही मोठ्याने. कुठे बिबट्या विहिरीत पडला, कोणाचा नवरा पळाला. बाया हसायच्या आणि हात चालवायच्या. त्या रद्दीत शब्दकोडी अर्धी भरलेली असायची. बारीक अक्षर, डावीकडे कललेलं. एकदा आडवा सात चुकलेला दिसला. मी खोडून बरोबर लिहिला आणि तो कागद रिकाम्या क्रेटमध्ये परत पाठवला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः शेतात आली, कागद घेऊन.

"कोणी लिखं हाई?"

"मी."

"तू शिकेल शे?"

"शिकलेला नाही. वाचता येतं."

"मंग अकरा उभा बी भर. मले नही येत."

मलाही नाही आला. पण त्या दिवसापासून कोडं बंगल्यातून शेतात आणि शेतातून बंगल्यात फिरायला लागलं. मग कोड्याच्या कडेला एक ओळ, मग चार ओळी. लोकांसमोर ती चेतनाताई, कागदाच्या कडेला चेतना. आठ महिन्यांत आम्ही एकमेकांजवळ बसलो असू तर पपईच्या ढिगाच्या दोन बाजूंना. तिचा हात एकदाच हातात आला. पपईचा चीक लागून माझ्या उजव्या तळव्याची कातडी सोलली होती. ती खोबऱ्याचं तेल घेऊन आली आणि काही न विचारता लावायला लागली. तेवढ्यात कुंदन मोटर बंद करायला आला.

त्याने तिला काही म्हटलं नाही. मला म्हणाला, "तुन्हा हात तोडी टाकसू." मी पण दोन शब्द ऐकवले. मग कॉलर, मग फाटक.

मी डोंगर चढून घरी आलो आणि दोन महिने सगळ्यांवर ओरडत राहिलो. शेवटी आई, तुळशीबाई, एक दिवस चुलीपाशी म्हणाली, "तुझा नवस राहिलाय. म्हणून डोकं तापतं तुझं." मी पाच वर्षांचा असताना तापाने मरायला टेकलो होतो, तेव्हा बापाने नवस बोलला होता, पोरगा जगला तर मोठा होऊन बावा होईल. बाप मोलमजुरीला गुजरातेत जाऊन जाऊन विसरला. आई विसरली नाही. मी हो म्हटलं. भोपळे बांधताना बापाच्या नवसाला मी मनातल्या मनात अजून एक जोडला. कोणता ते सांगायला नको.

पाळणी धरल्याला दोनच दिवस झाले होते, तर वीरसिंग आला. वीरसिंग तळोदा-मोलगी जीप चालवतो. त्याने माझ्यासमोर एक पपई ठेवली, पेपरात गुंडाळलेली. "स्टँडवर एका पोरीने दिली. म्हणाली, चेतनाची मैत्रीण आहे."

पपई बाजूला ठेवली आणि कागद उघडला. कोड्याच्या चारी बाजूंनी बारीक अक्षर. लिहिताना ती पुस्तकातली मराठी लिहायची.

'होळीला आम्ही काठीला येणार आहोत. सुरतच्या पाहुण्यांना होळी दाखवायची आहे. मुलाचं नाव नवनीत. तिथून आलो की दोन दिवसांनी आमच्या अंगणात साखरपुडा. घरी सांगून सांगून मी थकले, फोनही काढून घेतला. तू सगळ्यांसमोर माझा हात धर. मग मी त्या गाडीत परत बसणार नाही. नाही धरलास तर मला कळेल.'

हात धर. बघा काय मागितलं! मुंडकं मागितलं असतं तर दिलं असतं.

मी वीरसिंगला म्हटलं, "उत्तर घेऊन जा."

"कोणाला देऊ? ती आता घराबाहेर पडत नाही. ती मैत्रीण कोण, कुठली, मला माहीत नाही."

मग दलसिंग बाबाकडे गेलो. बाबा साठीचा, बारीक, सतरा वेळा बावा झालेला. विचारलं, पाळणी मधेच सोडता येते का?

"येते ना," तो म्हणाला. "फक्त बाकीच्या सतरा जणांना तू स्वतः जाऊन सांग. पहिल्यांदा त्याला सांग." आणि पलीकडे बसलेल्या बावाकडे मान वळवली. त्या माणसाची नात महिन्याभरापासून दवाखान्यात होती. तिच्यासाठी अर्धपोटी नाचत होता तो. मी त्याच्याकडे गेलो, त्याने मला स्वतःच्या हातची अर्धी भाकर दिली, आणि मी न सांगता परत आलो.

तर आता काठी. उजाडता उजाडता होळी पेटली होती, ढोल थांबत नव्हते, आणि मी कुंदनसमोर उभा होतो. चार माणसं होती त्यांची. कुंदन, चेतना, त्यांची फुई नर्मदाबाई, म्हणजे आत्या, आणि तो नवनीत. मला वाटलं होतं नवनीत म्हणजे कुणी तरी माजलेला असेल. नव्हता. गोरा, चष्मेवाला, बुटांवर धूळ बसू नये म्हणून जपून चालणारा. त्याने मला हात लावण्याआधी कुंदनला विचारलं, "इनको छू सकते हैं ना? कुछ नियम होगा इनका."

"काय नियम नही. दहा-वीस रुपया देवाना, झायं काम," कुंदन म्हणाला.

"वो औरत ने तो नीचे रखा," नवनीत म्हणाला. त्याने बघितलं होतं. आमची एक बाई फाग जमिनीवर ठेवून मागे सरकलेली त्याने बघितली होती. अख्ख्या गाडीत डोळे होते ते त्या एकट्याला.

"त्या अशाच ऱ्हातस. चाल, ऊभा ऱ्हाय. चेतना, तू बी ये. बावाना त्या बाजूले."

"राख लागी कपडासले," फुई ओरडली. "लांब ऱ्हाय जरासी!"

असा मी मधे उभा राहिलो. डाव्या हाताला नवनीत, उजव्या हाताला चेतना. ज्या माणसाला फाटकाबाहेर काढलं, त्याने तोंडाला राख फासल्यावर त्याला बहिणीच्या शेजारी उभं केलं कुंदनने, आणि वर म्हणतो, "ए बावा, हास ना भो जरासा!"

बोललो असतो तर कुंदनने आवाज ओळखला असता, आणि बाईशी बोललो म्हणून पाळणी गेली असती ते वेगळंच. चेतना माझ्याकडे बघतच नव्हती. ती गर्दीत बघत होती. शर्ट-पँट घातलेला एकेक पोरगा डोळ्यांनी शोधत होती, उंच दिसला की मान उचलत होती, मग खाली घेत होती. तिला कुठे माहीत होतं मी कसा दिसतो आज? तिच्या इतक्या जवळ उभं राहून ती माझ्या हातून जाताना मी बघत होतो. मोरपिसांची जुडी धरलेल्या उजव्या हाताला घाम सुटला. घामाने राख निघाली.

तिची नजर खाली गेली, आणि माझ्या हातावर थांबली. तळव्याच्या कडेला कातडी नवीन आलेली, गुलाबी, तिने तेल लावलेलं तिथेच. तिने वर बघितलं. राखेच्या आत, ठिपक्यांच्या आत बघितलं. ओठ हलले. ढोलात काही ऐकू आलं नाही, पण माझं नाव कसं हलतं ते मला कळतं.

मग तिने हात पुढे केला. सगळ्यांसमोर. कुंदनचा फोन आमच्यावर रोखलेला, फुई पदराने तोंड पुसतेय, आणि चेतनाचा हात माझ्या भोपळ्यांपासून वीतभर लांब, तळवा वर करून.

माझ्या मागे अठरा जणांतला तो आजोबा नाचत होता. त्याचे घुंगरू मला सगळ्या ढोलांमधून वेगळे ऐकू येत होते.

मी हात मागे घेतला. एक पाऊल मागे गेलो, मग दुसरं, मग तिसरं.

आमच्या गावातल्या कुठल्याही पोरीला कळलं असतं. तिला नाही कळलं. चेहरा तसाच राहिला तिचा, फक्त डोळ्यांतलं काहीतरी विझलं. हात तसाच वर नेऊन तिने ओढणी सारखी केली, जणू तेवढ्यासाठीच उचलला होता.

"फोटू हालना!" कुंदन म्हणाला.

"बस," चेतना म्हणाली. "घर चाल. मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं."

नवनीतने जाताना एक नोट जमिनीवर ठेवली आणि तीन पावलं मागे गेला. मी त्या नोटेकडे बघत होतो तेव्हा गाडीचं दार लागलं. गाडी लांब गेली, तिला ऐकू जाणार नाही, तेव्हा माझा आवाज सुटला. चेतना! चेतना! शंभर ढोलांत एका माणसाचा आवाज. गाडीने वळण घेतलं आणि फक्त धूळ राहिली.

दलसिंग बाबा शेजारी येऊन उभा राहिला. त्याने सगळं पाहिलं होतं.

"मोडलं का?"

"नाही."

"मग रडतो कशाला?"

"नाही मोडलं म्हणूनच."

त्याने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "आंघोळ तीन दिवसांनी. साखरपुडा परवा. असंच ना?"

"तुला कसं माहीत?"

"वीरसिंगचं तोंड गप्प बसतं होय? ऐक. बावाने फाग मागायला कुठल्याही दारात जावं. त्याला बंदी नाही."

"तळोद्याच्या पुढे आहे ते. पासष्ट किलोमीटर."

"पाय आहेत ना? पण एकटा नको जाऊ. एकट्या बावाला लोक वेडा समजतात. मी येतो." त्याने टोळीला सांगितलं आपण पाळणी सांभाळून परत येऊ, आणि छोटा ढोल गळ्यात घातला.

डोंगर उतरताना पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी घाटाखालच्या डांबराने तळपाय भाजले, फोड आले, फुटले. ट्रकवाले हॉर्न मारून फोटो काढत होते. वीरसिंगची जीप मागून आली, थांबली.

"बाबा, बसा ना. तासाभरात सोडतो."

"पाळणीत गाडी? तुझ्या बापाने बघितली होती का?" दलसिंग बाबा म्हणाला आणि चालत राहिला. त्याच्या पायातून माझ्यापेक्षा जास्त रक्त येत होतं. मी म्हटलं, बाबा, तू परत जा, तर म्हणतो, "परत पण चालतच जायचंय. मग पुढेच जातो."

तिसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. अंगणात मांडव, गुजरातच्या नंबरच्या सहा गाड्या, लाल खुर्च्या. फाटक तेच. दलसिंग बाबाने ढोलावर थाप मारली. "फाग!"

मांडवातली माणसं वळली. कुंदन हसत पुढे आला, नवा कुर्ता घातलेला. "काठीना बावा आठेलोंग उनात का! दे रे याले काही, चांगला शकुन शे."

"आबा," मी म्हटलं. प्रेमचंद आबा मांडवाच्या दाराशी उभे होते, डोक्याला फेटा. "आबा, मी गोकुळ वसावे. तुमच्याकडे पपईला होतो."

कुंदनचं हसू तिथेच थांबलं.

तो माझ्यापर्यंत पोचायला पाचसहा पावलं होती. तेवढ्यात मला सगळं बोलायचं होतं. मी बंगल्याच्या खिडक्यांकडे तोंड केलं आणि गळा फाटेपर्यंत ओरडलो. "पाळणीतल्या बावाने बाईला शिवायचं नसतं! शिवलं तर अठरा माणसांचा नवस मोडतो! त्यात एकाची नात दवाखान्यात आहे! कोणी हात पुढे केला तर तीन पावलं मागे जायचं असतं, तो आमचा नियम आहे! नाही म्हटलं असं नसतं ते! उद्या सकाळी आंघोळ झाली की पाळणी सुटते! फक्त उद्या सकाळपर्यंत..."

कानाखाली बसली. मग टोप गेला. मोरपिसं मांडवात उडाली, एक लहान पोरगी ती वेचायला धावली. मग लाथ, दोन भोपळे फुटले. माझी मूठ वळली होती. कुंदनचं नाक मुठीसमोर अगदी बरोबर होतं. मी एकेक बोट सुटं केलं. आयुष्यात एवढं जड काम केलं नाही मी, पपईचे ट्रक भरले तरी.

"सोड त्याले," आबा म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. जवळ आले. "उमर किती तुन्ही?"

"एकोणीस."

"कायदा पोऱ्याले एकवीस सांगस. अन् हाऊ चालना हात मांगाले." मांडवात हसू पिकलं. "घर काय शे तुन्हं? जमीन काय शे? मन्ही पोर काय डोंगरमा लाकडं येचाले जाई का?"

दोन दिवस चालताना मी सगळं तयार केलं होतं, हे सोडून. बावाच्या राखेखाली मी एकोणीस वर्षांचा, शाळा सोडलेला, कामावरून काढलेला पोरगा होतो आणि मांडवातल्या सगळ्यांना तो दिसत होता.

तेव्हा बंगल्याचं दार उघडलं.

चेतना शालू नेसलेली होती, कपाळावर कुंकू. हातात सूप, सुपात ज्वारी. फुई मागून ओढत होती, "कोठे जाई ऱ्हायनी? बावळी झाई का तू?" ती ओट्याच्या पायऱ्या उतरली, मांडवातून सरळ चालत आली. लोक आपोआप बाजूला झाले. माझ्यासमोर येऊन थांबली. माझ्या सुजलेल्या गालाकडे बघितलं, पायांकडे बघितलं. तिचा हात उचलला गेला होता, मला दिसलं. तिने तो परत सुपाला धरला.

वाकली. सूप जमिनीवर ठेवलं. आणि मागे गेली. एक. दोन. तीन.

नवनीत हळू म्हणाला, "मैंने पूछा था. नियम होगा, मैंने पूछा था ना." त्याने चष्मा काढून पुसला आणि खुर्चीत बसला.

चेतना तिथेच, तिसऱ्या पावलावर, मातीत मांडी घालून बसली. शालूसकट.

"ऊठ!" फुई किंचाळली.

"उद्या सकाळलोंग मी आठेच बठसू."

"अन् मंग?" आबांनी विचारलं. "मंग काय? दोन वरीस त्याले एकवीस व्हवाले."

"दोन वरीस बी आठेच बठसू," ती म्हणाली. "तुमना अंगणमाच. पयी जावाऊ नही. कोठे जावाऊ नही. पण दुसरासंगे बी उभी ऱ्हावाऊ नही."

कुंदनने तिचा दंड धरला. बांगडी फुटल्याचा आवाज आला. त्याने ओढलं, ती जड झाली, अंग टाकून दिलं तिने, आणि तो तिला दाराकडे फरफटत न्यायला लागला. मी एक पाऊल पुढे टाकलं. सूप माझ्या पायाला लागलं, ज्वारी सांडली.

"हालू नको!" ती ओरडली. माझ्यावर ओरडली, त्याच्यावर नाही. "गोकुळ, तठेच ऊभा ऱ्हाय! मोडी जाई!"

मी थांबलो. तिचे हात मातीत घासत गेले, मातीत दहा बोटांच्या रेघा उठल्या, पायरीपर्यंत. मला ती डोळ्यांनी धरून होती. मग दार लागलं. आतून कडी. मग तिचा आवाज, दारावर हात आपटल्याचा, एकदा, परत एकदा, थांबून परत एकदा.

दलसिंग बाबा फाटकाजवळ जमिनीवर बसला आणि ढोलावर तेवढीच थाप द्यायला लागला, ती आतून आपटली की एक. कोणी त्याला थांबवलं नाही.

मी तिथेच उभा राहिलो. पपईच्या बागेवर अजून ऊन होतं. सकाळ व्हायला तेरा तास बाकी होते.